वाफांची वही

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालते. मी कशी आहे ते वरच्या डागावरून ओळख. शाई फुटलीये ती डोळ्यांतल्या पाण्याने नाही, घामाने. 'प्रिय ताई' एवढं लिहून होतंय तोच छातीतून वाफ उठली, मान, कान, टाळू पेटली आणि कपाळावरचा थेंब नेमका तुझ्यावर पडला.

फोन का करत नाही म्हणशील. फोनला ह्यांचे कान, वन्संचे कान, भिंतीचे कान. आणि हे मोठ्याने बोलण्यासारखं नाही.

ऑपरेशनला दोन वर्षं झाली. ठरली होती फक्त पिशवी काढायची. शुद्धीवर आले तेव्हा कळलं की दोन्ही अंडाशयंही गेली. डॉक्टर म्हणाले, "काळजी घेतली." मी म्हटलं, आत काही वाईट दिसलं असेल, देवाने वाचवलं. बाकीच्या बायका त्या वयात एकेक पायरी उतरत जातात. मला त्रेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी गच्चीवरून ढकललं, तरी मी देवाचे आभारच मानले. तेव्हापासून दिवसाला चौदा वाफा. वही ठेवलीये. वेळ, काय करत होते, किती मिनिटं.

परवा दवाखान्याची फाईल तारीखवार लावायला घेतली. त्यात तपासणीचा कागद निघाला. "दोन्ही अंडाशये निरोगी." आणि ऑपरेशनच्या कागदावर खाली बारीक अक्षरात, "नातेवाइकांच्या सांगण्यावरून काढली."

निरोगी, ताई. धडधाकट बाईला घराबाहेर काढावं तशी काढली.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मी खाली औषधं आणायला गेलो होतो. वर अक्का होती. तिलाच विचार." म्हणजे आमच्या वन्सं. तीस वर्षं मेट्रन होत्या, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतात. स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. मी कागद पुढे धरला.

"तुम्ही सांगितलंत काढायला?"

चष्मा वर केला, कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं.

"हो. मीच."

"का?"

"हे मटार किडके आहेत. परत करून ये."

बस्स, एवढंच. दुसऱ्याच्या अंगातले अवयव काढायला सांगितले त्याचा हिशोब एका वाक्यात, आणि मटारांचा दुसऱ्यात.

तूही होतीस ना त्या दिवशी बाहेर बाकावर? काय ऐकलंस ते लिही. माझी खात्री झाली पाहिजे. मग मी आहे आणि त्या आहेत.

तुझी,
चिमी

१४ मार्च

प्रिय चिमे,

तुझं पत्र शाळेच्या वाचनालयातच उघडलं आणि मिटून खणात ठेवलं. दुपारी सातवीचा वर्ग गेल्यावर पुन्हा वाचलं.

अगं, मला काय माहीत असणार. मी त्या वेळी पाणी आणायला खाली गेले होते. परत आले तेव्हा सगळं ठरून गेलेलं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मेट्रनबाईंनी काही विचार करूनच सांगितलं असेल. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

सूडबीड डोक्यातून काढ. रागाने वाफा वाढतात, असं मी एका आरोग्याच्या पुस्तकात वाचलं. त्यातलंच लिहून पाठवते. कपडे सुती आणि एकावर एक घालावेत, म्हणजे वाफ आली की वरचा उतरवता येतो. चहा गार करून प्यावा, तिखट कमी. वाफ येतेय असं वाटलं की सावकाश श्वास घ्यावा, आत पाच आकडे, बाहेर पाच आकडे. वही ठेवलीस ते उत्तम केलंस. कशाने वाढतात ते कळेल.

आणि चिमे, त्यांना काही बोलू नकोस. एकटा जीव आहे. माझी शपथ.

तुझी,
ताई

२२ एप्रिल

प्रिय ताई,

तुझी शपथ मी मोडलेली नाही. मी त्यांना एक शब्दही बोललेले नाही. फक्त खोली बदलली.

तुला आमचं घर माहीत आहे. खाली पाववाल्याची भट्टी, वर आमच्या तीन खोल्या. उत्तरेकडची दोन खिडक्यांची खोली वन्संची. मधली खोली मात्र अशी की तिच्या भिंतीतून भट्टीचं धुराडं वर जातं. पहाटे तीनला भट्टी पेटली की त्या भिंतीला हात लावून बघ. त्या खोलीत आम्ही कांदेसुद्धा ठेवत नाही, कोंब येतात.

मी ह्यांच्यादेखत म्हटलं, "वन्सं, डॉक्टर म्हणतात मला गार खोली पाहिजे. तुमचं काय, तुम्हाला तर सदा थंडी वाजते." खोटं नाही बोलले. त्यांना थंडी वाजतेच, मार्चातही पायमोजे असतात. त्यांनी लगेच स्वतःची गादी गुंडाळली. ह्यांनी उचलू लागायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे, मी अख्खे पेशंट उचललेत."

आता त्या भिंतीला पाठ लावून झोपतात आणि मी दोन खिडक्यांत झोपते. परवा सकाळी बाहेर आल्या तेव्हा ब्लाउजची पाठ भिजलेली. मला बघून पदर ओढून घेतला. तो कसा ओढतात ते मला बरोबर ठाऊक आहे. मीही दोन वर्षं तसाच ओढते. त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही, पण गार वाटलं एवढं खरं.

सूड देवाकडे मागू नये म्हणतात. मी मागत नाही. मी प्रार्थनेत त्याला फक्त माहिती देते.

वाफा अजून चौदाच. रविवारी प्रार्थनेला सगळे डोळे मिटून उभे असताना आली. मी सदऱ्यासारखा घातलेला वरचा झगा उतरवला तर शेजारची पुटपुटली, "देवासमोर तरी!" मी म्हटलं, "देवानेच बनवलंय ते, त्याला काय नवं आहे?" तुझे पाच आकडे काही कामाचे नाहीत. तीनपर्यंत येते तोवर मी भाजून निघते.

अजून एक. वन्सं बर्फाच्या कप्प्यात रोज ओले रुमाल घड्या घालून ठेवतात. माझ्या भाज्यांची जागा अडते. मेट्रनपणा अजून गेला नाही. त्यातला एक घेऊन मी वाफेच्या वेळी मानेवर ठेवते, फुकट जाऊ नये म्हणून. त्याने मात्र बरं वाटतं.

तुझी,
चिमी

४ मे

चिमे,

हे पत्र मिळताच त्यांना त्यांची खोली परत दे. ऐक माझं. मे महिना लागला, अडुसष्ट वर्षांची बाई आहे ती. तुला गार खोली हवीच असेल तर दोघी एका खोलीत झोपा. नाहीतर त्यांना थोडे दिवस माझ्याकडे पाठव, माझी एक खोली रिकामीच असते.

तू अशी नव्हतीस. लहानपणी पायाखाली मुंगी आली तरी रडायचीस. मला झोप लागत नाही तुझं पत्र आल्यापासून.

ताई

९ जुलै

प्रिय ताई,

तुला त्यांचा एवढा पुळका का, ते मला कळत नाही. जळतेय मी आणि झोप तुझी उडते! त्यांना तुझ्याकडे पाठवून त्यांची सोय करायची आणि मी बघत राहायचं? नाही.

आता प्रश्नच मिटला. वन्सं गेल्या. निवृत्त नर्सबायकांसाठी कुठेसं वसतिगृह आहे, तिथे एक खाट मिळाली. जून संपता संपता एके सकाळी बॅग घेऊन उभ्या. ह्यांचा चेहरा उतरला. "अक्का, काय कमी पडलं?" तर म्हणाल्या, "काही नाही रे, मला माझ्या बरोबरीच्या बायका पाहिजेत." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रुमाल दर दोन तासांनी बदलायचे. सुकलेला ठेवून उपयोग नाही."

दार लागलं तेव्हा मी भांडी घासत होते. हात थांबले नाहीत. जिंकले, ताई. हे त्यानंतर चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, ती किंमत मी दिली. सगळंच काही फुकट मिळत नाही.

चांगली बातमी वेगळीच आहे. डॉक्टरीणबाई नव्या आल्यात. माझी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी ती वाचली. म्हणाल्या, "इतकं सोसायची काही गरज नव्हती. हार्मोनची पट्टी मिळते, दंडाला किंवा पोटाला चिकटवायची." मग विचारलं, "घरात कुणाला गाठीचा आजार? आई, मावशी, बहीण?" मी म्हटलं, "छे. आई पोट बिघडून गेली, मी अकरा वर्षांची होते." त्यांनी तसं लिहून घेतलं. येत्या सोमवारपासून पट्टी. ताई, मला पुन्हा लोकरीचं काहीतरी अंगावर घ्यावंसं वाटेल अशी थंडी वाजायला हवी आहे!

तुझी,
चिमी

१२ जुलै, कुरिअरने

चिमे,

पट्टी लावू नकोस. आधी हे डॉक्टरीणबाईंना सांग, मग त्या सांगतील ते कर.

आईचं पोट बिघडलं नव्हतं. अंडाशयाची गाठ होती. पसरली होती. मी वीस वर्षांची होते, मला बाबांनी सांगितलं आणि वचन घेतलं की धाकटीला कळू द्यायचं नाही, ती घाबरेल. बाबा गेले तरी मी वचन धरून बसले.

त्या दिवशी मी पाणी आणायला गेले नव्हते. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "पिशवी निघाली. अंडाशयं चांगली दिसतात. घरात कुणाला त्रास नसेल तर राहू देतो." तुझा नवरा खाली होता. बाकावर मी आणि मेट्रनबाई. माझ्या डोळ्यांसमोर आईचं शेवटचं पोट आलं. मी म्हटलं, "आमच्या आईला होती. काढा सगळं." दवाखान्याने ठेवून घेतलेल्या कागदावर सही माझी आहे, चिमे. त्या तर म्हणाल्या होत्या, "तिला शुद्धीवर येऊ द्या, तिला विचारा, तिचं अंग आहे." मी त्यांचे हात धरले. म्हटलं, आईचं तिला कळता कामा नये. त्या म्हणाल्या, "मग विचारलंच तर माझ्यावर ढकल. मला शिव्यांची सवय आहे."

मला वाटलं होतं, तू विचारणारच नाहीस. आणि विचारलंस तेव्हा त्यांनी आपणहून अंगावर घेतलं, तर मला धीर झाला नाही.

मला काय वाटेल ते बोल, पण पट्टीचं आधी विचार.

ताई

५ ऑगस्ट

चिमे, तीन पत्रं पाठवली. फोन तू उचलत नाहीस. निदान एवढं कळव की डॉक्टरीणबाईंना सांगितलंस. एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

ताई

२० ऑगस्ट

वन्संना सविनय नमस्कार.

मला सगळं कळलं. ताईने लिहिलं. माफी कशी लिहितात ते मला येत नाही, शाळेत फक्त रजेचा अर्ज शिकवला. तुम्हाला त्या भिंतीशी झोपवलं ते मी जाणूनबुजून केलं. घाम बघून मला बरं वाटलं होतं, तेही खरं. देवासमोर सांगून झालं, पण तुमच्याशी बोलल्याशिवाय ते पोचलं असं वाटत नाही.

रुमाल आता मी घड्या घालून ठेवते. तुमच्यासारखे चौकोनी होत नाहीत.

तुम्ही खरं का नाही सांगितलंत? एका शब्दाचं काम होतं.

आपली,
वहिनी

२९ ऑगस्ट

वहिनी,

पत्र पोचलं. अक्षर सुधार, पत्ता वाचताना पोस्टमनने मला तीनदा विचारलं.

शब्द दिला होता, म्हणून नाही सांगितलं. आणि दुसरं असं की पेशंटला राग काढायला कुणीतरी लागतं. तुझ्या बहिणीवर निघाला असता तर ती मोडली असती. मी पूर्वीच मोडून जुळलेली आहे. भिंत गरम होती खरी, पण माझ्या कमरेच्या दुखण्याला बरी पडली, तेव्हा फार मिरवू नकोस.

इथल्या बायका घोरतात आणि पत्त्यांत लबाडी करतात. माफी नको. माझी उत्तरेकडची खोली दे. एक तारखेनंतर केव्हाही येईन. तुला गार लागत असेल तर तूही तिथेच झोप. खिडक्या दोन आहेत, बायकाही दोन.

रुमाल आधी पिळायचा, मग घडी.

अक्का

१२ सप्टेंबर

ताई,

एक ओळ मागितली होतीस. ती ही: डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी पट्टी बाजूला ठेवली, माझ्या तपासण्या करून घेतल्या आणि सध्या दुसरीच गोळी दिली आहे, हार्मोन नसलेली. फरक पडला तर महिन्याभरात पडेल म्हणाल्या. वन्सं परत आल्यात. मी हे लिहिताना त्या शेजारच्या खाटेवर बसून माझ्याकडे बघतायत आणि न बघितल्यासारखं करतायत.

आता बाकीच्या ओळी.

तू मला मरणापासून वाचवायला गेलीस, हे मला समजतं. दहावी पास आहे, मठ्ठ नाही. पण मला विचारलं असतंस तर कदाचित मीच म्हटलं असतं, काढा. मग ही प्रत्येक वाफ माझी असती. मी ती देवाच्या नावाने सोसली असती. तू ती माझ्याकडून घेतलीस. आई कशाने गेली तेही तू एकटीने ठेवून घेतलंस. चौतीस वर्षं मी आईसाठी प्रार्थना केली ती चुकीच्या आजाराची केली.

आणि खरं सांगायचं सोडून मला पाच आकडे मोजायला शिकवत बसलीस! मी एका निर्दोष बाईला भट्टीला लावत होते आणि तू म्हणत होतीस, "एकटा जीव आहे." एकटा कुणी केला?

एक विचारते. आई दोघींची होती ना? मग तुझी अंडाशयं जागेवर कशी? माझी काढायला तुला बाकावर बसल्या बसल्या एक मिनिट लागलं. स्वतःची तपासायलासुद्धा चौतीस वर्षं पुरली नाहीत?

म्हणून शिक्षा. दोन आहेत.

पहिली, महिन्याच्या आत जाऊन तपासून घे. कागद मला पाठव. मी फायलीत लावीन, आईच्या नावाचं एक पान कोरं ठेवलंय त्याच्या मागे.

दुसरी, सोबत पार्सलात माझी वही आहे. अर्धी भरलेली, अर्धी कोरी. मी दोन वर्षं लिहिली, आता तू लिही. मला वाफ आली की मी तुझ्या फोनला दोन रिंगा देऊन बंद करीन. दोन रिंगांना पैसे पडत नाहीत. तू उचलायचं नाही, हॅलो म्हणायचं नाही, रडायचं नाही. वाचनालयात असशील, अंघोळीला असशील, कुणाच्या मयताला असशील, वेळ बघायची, वहीत लिहायची, आणि समोरच्या रकान्यात तू त्या क्षणी काय करत होतीस ते. मी तसंच लिहीत होते. नवी वही नको, माझ्याच रेघांवर लिही.

देवाकडे माफी मागायची तर माग. त्याला वेळ आहे. मला वाफा आहेत.

चिमी

१८ डिसेंबर

प्रिय चिमे,

प्रिय लिहायची परवानगी आहे का ते विचारलं नव्हतं, पण लिहिते.

तपासणीचा कागद सोबत आहे. महिन्याच्या आत म्हणालीस, मला धीर व्हायला तीन लागले. "निरोगी" लिहिलंय. तो शब्द मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पुन्हा पुन्हा वाचला. दर वर्षी तपासायचं असं डॉक्टर म्हणाले, तेही करीन.

वही लिहितेय. एकही रिंग चुकलेली नाही. सकाळी ११.१०, पाचवीच्या मुलींना कोशात शब्द कसा शोधायचा ते दाखवत होते. दुपारी २.४०, मुख्याध्यापकांसमोर उभी, खणात फोन घरघरला, त्यांनी विचारलं, "बाई, काही अडचण?" मी म्हटलं, "बहिणीला वाफ आलीये," आणि वही उघडली. आता सगळ्या शाळेला माहीत आहे. मुली मला वेळ सांगतात. एकीने तर विचारलं, "तुमची बहीण इंजिन आहे का?" परवा सुताराच्या आईच्या अंत्यविधीला दोन रिंगा आल्या. वही काढली. लोकांना वाटलं, प्रार्थनेची आहे.

पण चिमे, मला भीती वाटतेय. सप्टेंबरात तेरा-चौदा असायच्या. या आठवड्यात सतरा, काल एकोणीस. गोळी लागू पडत नाही का? एवढ्या वाढल्या तर तू झोपतेस कधी? डॉक्टरीणबाईंना वहीतले हे आकडे दाखव, सोबत उतरवून पाठवलेत. माझ्याही अंगाला आताशा फोन वाजायच्या आधी घाम फुटतो.

तुझी,
ताई

३ जानेवारी

ताई,

कागद पोचला. फायलीत लावला. "निरोगी" वाचून देवाचे आभार मानले. यात टोमणा नाही.

आकडे मी डॉक्टरीणबाईंना दाखवणार नाही, त्या गोंधळतील. गोळी ऑक्टोबरातच लागू पडली. नोव्हेंबरपासून मला दिवसाला तीन वाफा येतात, कधी दोन. मागच्या गुरुवारी एकही नव्हती. मी लोकरी शाल काढून वन्संना दाखवली तर म्हणाल्या, "मला दे, तुझ्याहून मला जास्त लागते."

बाकीच्या रिंगा मी भाजी चिरताना दिल्या. कपडे वाळत घालताना दिल्या. तू मुख्याध्यापकांसमोर उभी होतीस तेव्हा मी खिडकीत बसून थंडगार संत्रं खात होते. वन्सं म्हणाल्या, "पुरे आता, ती मोडेल." मी म्हटलं, "मोडली तर जुळेल, तुम्हीच म्हणता." त्या हसल्या नाहीत. मग थोड्या वेळाने हसल्या.

तू दोन वर्षं मला खरं सांगितलं नाहीस. मी तुला दोन महिने. बरोबरी अजून झालेली नाही.

म्हणून वही बंद करू नकोस. उद्याही वाजेल. खरी वाफ असेल की नसेल, ते मी सांगणार नाही. कुठली माझी खरी वाफ आणि कुठली तुझी शिक्षा, ते तू बसून ओळखत राहा. मलाही दोन वर्षं खरं काय ते न कळताच वही लिहावी लागली.

वेळ नीट लिही. पाचच्या आकड्याचं पोट तू फार मोठं काढतेस, ते शून्य वाटतं.

तुझी,
चिमी